पाहुण्यांसाठी सारवलेलं बालघर

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींच्या वाडीत सुषमा बालघर चालवायची. संस्था वाडीचीच, बाहेरचा एक माणूस नाही, आणि त्याचा तिला कोण अभिमान! आईबाप सकाळी वीटभट्टीवर गेले की पोरं तिच्याकडे राहायची, जेवायची, अक्षरं गिरवायची. बालघर बंद पडलं तर हीच पोरं भट्टीवर माती तुडवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. अंबरनाथच्या एका कंपनीच्या मदतीवर सगळं चालायचं. ती पुढे द्यायची की नाही ते ठरवायला साहेब येणार, असा फोन आला.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर वाडी गप्प बसते होय? बायांनी बालघर सारवलं, भिंतीवर तांदळाच्या पिठाची नक्षी काढली. सुषमाच्या नवऱ्याने, नवसूने, अंड्यावरची कोंबडी कापली. शेजारच्या बाळीने पोराला लग्नातला झब्बा घातला, तोही मागून आणलेला. छपराची भोकं दिसू नयेत म्हणून वर उसनी ताडपत्री टाकली. पाहुण्यापुढे कुणी आपलं उणं काढतं का?

कंपनीचे विनीत साहेब पोटभर जेवले. माणूस खरंच गोड. निघताना म्हणाले, "सुषमाताई, तुमचं आता छान चाललंय. जिथं जास्त गरज आहे, तिथं बघतो आम्ही."

"बरं साहेब," सुषमा म्हणाली. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिने ताडपत्री उतरवली, घडी घातली आणि ज्याची त्याला देऊन आली.

शिधा संपला तशी पोरं आईबापांमागे भट्टीवर जायला लागली. बाळीचा पोरगा सगळ्यात आधी गेला.

शिमग्यानंतर बदलापूरच्या एका मोठ्या संस्थेची बाई आली. कंपनीची मदत आता त्यांना मिळाली होती, ह्याच वाड्यांच्या नावावर. सर्व्हे व्हायचा होता, मग काम सुरू होणार होतं, कधी ते तिलाही ठाऊक नव्हतं. "तोवर पोरांचा एक फोटो लागेल, ताई. जमवता का?"

त्या दिवशी भट्टीला सुट्टी होती. सुषमा घरोघरी फिरली. फोटो म्हटल्यावर बाळीने लगबगीने पोराला दगडावर बसवलं आणि त्याचे मातीने भरलेले पाय धुवायला तांब्या उचलला.

सुषमाने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"नको धुऊस," ती म्हणाली. "असाच आण."