घुशीच्या बिळातलं कार्बाइड

तेलगावला वेल्डिंगच्या दुकानात नांगराचा तुटलेला दांडा घेऊन बसलो होतो. कार्बाइडवर पाणी पडलं आणि तो कुजक्या लसणासारखा वास आला. हल्ली उठून बाजूला होण्याचाही कंटाळा येतो. बसल्या जागीच तीस वर्षं मागं गेलो.

आमच्या कडब्याच्या गंजीखाली घूस शिरली होती. उन्हाळाभराची वैरण तेवढीच. मी बिळात कार्बाइडचे खडे टाकून तांब्याभर पाणी ओतलं. आत फसफसलं. याचा पेटणारा गॅस होतो, हे दुकानदारानं बजावलं होतं. मी मान तेवढी हलवली होती. घूस मेली का बघायला बिळाशी काडी ओढली!

भडका उडाला. मिशी गेली, गंज पेटली. थोरला भाऊ घागर घेऊन धावला.

"पानी नको, दादा! अजून भडकंल! माती लोट!"

लोटून लोटून निम्मा कडबा वाचला. दादा धापा टाकत म्हणाला, "घूस मेली का बे?"

"न्हाई. मागून पळाली."

मिशीचा किस्सा मी गावभर रंगवून सांगितला. वैरण सरल्यावर दादानं दुभती गाय बाजारात नेली, तेवढं सांगायचं मात्र टाळत आलो.