बाण कुठल्या बाजूला फिरतो?

पडद्यावर एक लाल बाण फिरत होता. अँटेनातून निघालेली लहर आमचं सॉफ्टवेअर अशी बाणाने दाखवतं. साध्या अँटेनात तो नुसता वर-खाली होतो. इथे मात्र गोल फिरत, मळसूत्रासारखा पुढे सरकत होता. जत्रेतली भिंगरी बघावी तशी मी बघत बसले.

लहर पाठवणाऱ्या अँटेनाचा आराखडा मी केला होता, घेणाऱ्याचा माझ्या सहकारी वैदेहीने. वेगवेगळे तपासले तर दोन्ही उत्तम. समोरासमोर ठेवले की जवळजवळ काहीच पोचत नव्हतं. उजवी, म्हणजे उजवीकडे फिरणारी लहर डावीकडे फिरणाऱ्या लहरीसाठी केलेल्या अँटेनाला ऐकूच येत नाही.

"आपलं उजवं ठरलं होतं ना?" वैदेहीने विचारलं.

"उजवंच आहे. बघ की, घड्याळासारखं फिरतंय."

"अगं, पण बघतेस कुठून?"

मी लहर मागून बघत होते, ती जाताना. वैदेही समोरून, ती येताना. मागून जे उजवं, ते समोरून डावं.

मला रविवारची संध्याकाळ आठवली. माहेरहून निघताना आई म्हणते, "लगेच निघालीस?" आणि घरी पोचल्यावर सासूबाई म्हणतात, "किती उशीर केलास!" प्रवास एकच. इतकी वर्षं मी दोघींतली चुकतेय कोण, हेच शोधत आले.

बाण आपला फिरतच होता. आम्ही दोघीही बरोबर होतो, आणि म्हणूनच अँटेना कुणी बदलायचा, हे काही केल्या ठरेना.