मैत्रिणीचं सत्काराचं गाणं

मंडळी, आज मी जळून खोटं बोलले.

माझी मैत्रीण सुजाता स्वतः लिहिलेलं संगीत नाटक बसवतेय. गोष्ट मालाडच्या चाळीतल्या, कोकणातलं नमन हे लोकनाट्य सादर करणाऱ्या मंडळाची. खेळ रंगात आला की पुढारी येतात, खेळ थांबतो, शाल-श्रीफळ होतं. हळूहळू गणपतीच्या स्तवनातही पुढाऱ्यांचं नाव शिरतं.

सकाळी बोरिवलीला तालीम पाहिली. एका प्रवेशात निवेदिका गायिकेला मधेच थांबवते आणि स्वतःच सत्काराचं गाणं सुरू करते. सगळे हसत होते. मला हसू येईना. वीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळात, नगरसेवक आले म्हणून, सुजाताचं गाणं निवेदन करणाऱ्या मीच असं थांबवलं होतं.

तिनं त्या निवेदिकेला नाटकातली सगळ्यात गोड चाल दिली होती. लेखिका म्हणवते मी, आणि माझ्याच चुकीवर इतकं सुंदर तिनं लिहिलं. नुसता जळफळाट झाला माझा.

"कसं वाटलं गं? खरं सांग हां, मस्का नको," तिनं विचारलं.

"झकास. फक्त ते सत्काराचं गाणं काढ. लांबतंय यार."

दुपारी तिचा मेसेज आला, "तुला कळतं यातलं. काढलं."

म्हणजे तिचं गाणं मी दुसऱ्यांदा थांबवलं. या वेळी तर कोणी पुढारीही आला नव्हता.

शनिवारी पहिला प्रयोग आहे. तिला खरं सांगायला फोन हातात घेऊन बसलेय. तुम्ही माझ्या जागी असता, तर पहिलं वाक्य काय बोलला असता?