कानवाल्यांचा खरा आवाज

कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना चढून गेलं की कानवाल्यांची खोली लागायची. त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांनीही ते वापरायचं सोडून दिलं होतं. बावीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काढून ते बाहेर पडले आणि हेडफोन दुरुस्त करत बसले. तुटलेली वायर, फाटलेल्या गाद्या, एका बाजूचा गेलेला आवाज, असली कामं तर होतीच. पण नाव झालं होतं ते दुसऱ्याच कामामुळे. कारखान्यातून आलेला हेडफोन ते उघडायचे, आतली फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती चिमट्यानं काढायचे, नखाएवढी कातरायचे, परत बसवून ऐकायचे, पुन्हा कातरायचे. फेल्ट जास्त असलं की वरचे बारीक सूर दबतात, कमी केलं की मोकळे होतात, एवढंच ते शास्त्र. पण कातरताना थांबायचं कुठे, हे कान सांगतो. आणि तसा कान या गावात एकच आहे, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. बाकीच्यांच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी जे काही चिकटवलेलं आहे ते चष्म्याच्या काड्या अडकवण्यासाठी, असं ते म्हणत.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र होतं. हेडफोनच्या गाद्या ती शिवायची. गिऱ्हाईक कानवाल्यांच्या कानाची स्तुती करत जिना उतरायचं, आणि कानाला मऊ लागत असायची ती हिची शिवण. पण हे कुणी बोललं नाही, आणि कानवाले तर बोलणारच नव्हते.

दर रविवारी सकाळी त्या खोलीत दर्दी जमायचे. 'दर्दी' हा त्यांचा स्वतःचाच शब्द. दातांच्या डॉक्टरांकडे सहा हेडफोन होते आणि ऐकायला गाणी बहुधा चार. प्रत्येक नवा हेडफोन आधीच्यापेक्षा महाग असायचा, आणि किंमत सांगून झाल्याशिवाय डॉक्टरांना त्याचा आवाज चांगला वाटत नसे. दुसरे होते इमारतींचे कंत्राटदार. त्यांनी एकदा नुसती वायर आणली होती. तिच्या किमतीत जुनी मोटार आली असती.

"ही लावल्यापासून गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो," कंत्राटदार म्हणाले.

"श्वास ऐकायला एवढे पैसे?" कानवाले म्हणाले. "डॉक्टरांची छाती तपासायची नळी घ्यायची. स्वस्तात काम झालं असतं."

मग वाद पेटायचा. डॉक्टरांना खालचा धमधमाट हवा, कंत्राटदारांना सगळं मऊ हवं. आवड ज्याची त्याची, असं शेवटी कुणीतरी म्हणायचं आणि कानवाल्यांचा पारा चढायचा.

"आवड? मीठ आवडतं म्हणून समुद्र पिणार का? आवाज खरा असतो नाहीतर खोटा असतो. तुम्हाला खोटा आवडतो, एवढंच म्हणा."

दर्दी खूश व्हायचे. पैसे देऊन शिव्या खाण्यात काही लोकांना मोठेपणा वाटतो, आणि तसे नेमके इथे जमले होते.

एक दिवस हेडफोनच्या मोठ्या शोरूमचे मालक जिना चढून आले. त्यांना स्वतःचा हेडफोन बाजारात आणायचा होता. कारखाना बनवणार, आवाज कानवाले ठरवणार, आणि डब्यावर ठसठशीत अक्षरांत 'कानवाले' हे नाव. किंमत ऐकून कानवाल्यांच्या बायकोनं शिवणयंत्रावरचा पाय थांबवला. कानवाल्यांना किमतीचं काही नव्हतं. त्यांना नावाचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं असलेले डबे उघडले. आता आपलं नाव डब्यावर येणार, आणि खरा आवाज कसा असतो ते जगाला एकदाचं कळणार. मालक गेल्यावर बराच वेळ ते उगाचच मेजावरचे चिमटे सरळ लावत बसले.

तीन महिने त्यांनी फेल्ट कातरलं. स्टुडिओत असताना स्वतः मुद्रित केलेलं एक गाणं होतं, एक बाई गाते आणि मागे व्हायोलिन. तेच गाणं रोज शंभरदा. शेवटी चकती इतकी विरळ झाली की पलीकडचं दिसावं. तेव्हा कुठे कानवाल्यांनी हेडफोन मेजावर ठेवला आणि म्हणाले, "झाला. हा खरा."

बायकोनं तो डोक्यावर चढवला आणि अर्ध्या मिनिटात काढला.

"टोचतंय," ती म्हणाली. "व्हायोलिन कानात सुई घातल्यासारखं येतंय."

"काय? जरा मोठ्यानं बोल. हल्ली काय तोंडातल्या तोंडात बोलतेस, काही कळत नाही."

"टोचतंय म्हटलं!"

"तू गाद्या शिव," कानवाले म्हणाले. "गाढवाला गुळाची चव काय!"

ती यंत्राकडे वळली. बोलायचं तिनं बरंच कमी केलं होतं. कारण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा ओरडून सांगायची, आणि वर तोंडातल्या तोंडात बोलतेस म्हणून ऐकून घ्यायचं, हे तिला पुरे झालं होतं.

शोरूमनं हेडफोन मागवून यंत्रावर मोजला आणि परत करताना आवाजाचा ग्राफ पाठवला. रेघ बराच वेळ सपाट चालून शेवटी एकदम डोंगर चढत होती. सोबत चिठ्ठी: वरचे सूर जरा जास्त तर नाहीत ना? कानवाल्यांनी चिठ्ठी फाडली. "ग्राफला कान असतात का?" एवढंच म्हणाले आणि ग्राफचा कागद खणात टाकला.

रविवारी दर्दींनी हेडफोन ऐकला. ऐकण्याआधी किंमत ऐकली होती, त्यामुळे पुढचं सोपं होतं.

"काय बारकावे आहेत!" डॉक्टर म्हणाले. बोलताना त्यांचा एक डोळा बारीक झाला होता, दाढ दुखत असल्यासारखा. "माझे दोन आत्ताच लिहून ठेवा."

कंत्राटदारांना मऊ आवाज आवडायचा, तरी त्यांनीही एक सांगितला. नको म्हणावं तर आपला कान कच्चा ठरायचा. कानवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं, बघ म्हणून. बायकोनं दोरा दातानं तोडला.

मग मालकांना एक कल्पना सुचली. असा कान शंभरात एकालाही नसतो. तर कानाच्या दवाखान्यात रीतसर तपासणी करून तो अहवालच डब्यात घालायचा. कानवाले तर हरखून गेले. इतकी वर्षं तोंडानं सांगितलं, आता शिक्क्यानिशी सांगता येईल. तपासणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

दवाखान्यात त्यांना काचेच्या छोट्या बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला जाडे, मधले सूर आले; कानवाल्यांनी ऐटीत बटण दाबलं. मग सगळं थांबलं. ते वाट बघत बसले. काचेपलीकडची मुलगी मान खाली घालून काम करत होती. कानवाल्यांना तिचा राग आला. असली माणसं नेमतात, यंत्र बंद पडलं तरी पत्ता नाही. दार उघडून ते बाहेर आले.

"बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय. केव्हाचा बसलोय मी."

मुलीनं वर पाहिलं. तिला बहुधा रोजच असं कुणीतरी भेटत असावं.

"काका, यंत्र चालूच आहे," ती हळू पण स्पष्ट म्हणाली. "मी केव्हाची वरचे सूर देतेय."

कानवाल्यांनी यंत्रावर शंका घेतली, वायर मागितली, ती स्वतः तपासली, हेडफोनला चार नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं! मुलीनं निमूटपणे दुसरं यंत्र लावलं. तेही तिथेच थांबलं.

"हे एका दिवसात होत नाही," कागद देताना ती म्हणाली. "आठ-दहा वर्षं तरी झाली असतील. घरच्यांचं बोलणं अस्पष्ट वाटतं का हो? स, श, च वगैरे अक्षरं आधी जातात."

कानवाले कागद घेऊन बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी खणातला ग्राफ काढला आणि दवाखान्याचा कागद शेजारी ठेवला. हेडफोनची रेघ जिथून डोंगर चढायला लागत होती, तिथूनच त्यांच्या कानाची रेघ दरीत उतरत होती. तो डोंगर ढकलून दिला असता तर ती दरी काठोकाठ भरली असती. तीन महिने खपून, नखानखानं कातरून, जगाला दाखवायला म्हणून त्यांनी जो खरा आवाज काढला होता, तो त्यांच्या एकट्याच्या बिघडलेल्या कानाचा चष्मा होता. आणि गेली आठ-दहा वर्षं ज्यांचे ज्यांचे हेडफोन त्यांनी सुधारले, टोचतंय म्हणणाऱ्या ज्यांना ज्यांना हाकलून दिलं, ते सगळे आता डोळ्यांपुढून जाऊ लागले. कानवाल्यांना लाज वाटली. इतकी लाज त्यांना यापूर्वी कधी वाटली नव्हती, सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये गेले आणि दोन्ही कागद मालकांसमोर ठेवले. मालकांनी ते नीट पाहिले, मग उलटे करून ठेवले.

"अहो, पण लोकांना आवडतोय ना? जाणकारांनी नावं नोंदवलीत. अहवाल नाही घालायचा, झालं."

"आवाज चुकलाय. माझं नाव काढा."

"नाव काढलं तर ही किंमत कशी लावू?"

"मग लावू नका," कानवाले म्हणाले. डब्याचा नमुना मेजावर होता, त्यावर नाव खरंच ठसठशीत आलं होतं. त्यांनी तो एकदा हातात घेतला, परत ठेवला, आणि नमुन्याचा हेडफोन पिशवीत घालून निघाले.

रविवारी त्यांनी दर्दींना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आता तरी हे लोक शिव्या देतील, असं कानवाल्यांना वाटलं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे हा आता बाजारात येणार नाही?" डॉक्टर म्हणाले. "जगात एकच आहे? दुप्पट देतो."

"डॉक्टर, तो टोचतो! तुम्हालाही टोचतो. मी तुमचा डोळा पाहिलाय."

"आवड ज्याची त्याची," डॉक्टर म्हणाले.

कानवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा या वाक्यावर वाद घातला नाही. फक्त जिन्याचं दार उघडून धरलं. चौदा पायऱ्या उतरेपर्यंत डॉक्टर आणि कंत्राटदार यांच्यात पहिला हक्क कुणाचा यावर बाचाबाची चालली होती.

खोलीत शिवणयंत्र चालू होतं. कानवाल्यांनी कपाटातून स्टुडिओच्या काळातला माइक काढला, पुसला, बायकोच्या यंत्राशेजारी ठेवला, वायर जोडली आणि तो हेडफोन कानावर चढवला. त्यांना सुई कापडातून जाताना ऐकू आली. कात्रीची दोन पाती एकमेकांना घासली, तेही ऐकू आलं.

"हे काय चाललंय आता?" बायकोनं विचारलं. नेहमीच्याच आवाजात, पण अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ.

कानवाल्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू तोंडातल्या तोंडात बोलत नव्हतीस," ते म्हणाले.

"नव्हतेच."

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? जे बोलायचं होतं ते सगळं बोलून झालंय. तुमच्या समोर बसूनच बोलले होते."

"परत बोल," कानवाले म्हणाले.

तिनं यंत्रावरचा पाय थांबवला, हातातली गादी बाजूला ठेवली आणि माइक स्वतःकडे ओढून घेतला.

"मग नीट बसा," ती म्हणाली. "दहा वर्षांचं आहे, वेळ लागेल. आणि मध्ये बोलायचं नाही."