विष्णुपुरीच्या लॅबमधली गल्ली

विष्णुपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचं नेटवर्क व्यंकटकडं आलं, तेव्हा पहिलं काम निघालं ते मशीनना नावं द्यायचं. मशीन एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, पण माणसाच्या डोक्यात आकडे टिकत नाहीत. म्हणून एक नेम सर्व्हर असतो. त्याला नाव विचारलं की तो पत्ता सांगतो. कुठं ग्रहांची नावं देतात, कुठं नद्यांची. व्यंकटनं पहिल्या मशीनला आईचं नाव दिलं, गुणाबाई. मग हात थांबलाच नाही. शेजारचे किशनराव, कोपऱ्यावरचा तय्यब शिंपी, दुकानवाले बसलिंगप्पा.

निलंग्याकडची ती सगळी गल्ली भूकंपात गेली होती. त्या पहाटे व्यंकट इथंच होस्टेलवर होता. खाट जराशी हलली. दोस्तानं लाथ मारली असं वाटून तो कूस बदलून पुन्हा झोपला. पुढं गाव दुसरीकडं वसलं, सरळ रस्त्यांचं, सारख्या घरांचं. तिथं त्याला वाट सापडायची, ओळखीचं काही सापडायचं नाही.

दुपारी प्रॅक्टिकल संपली की लॅबमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज उरायचा. धरणावरून आलेल्या वाऱ्यानं पडदे फुगायचे. अशा वेळी तो काळ्या स्क्रीनवर एनएसलुकअप ही पत्ता विचारायची कमांड लिहायचा आणि पुढं एखादं नाव. कामाची गरज नसायची. उत्तर येण्याआधी एवढासा थांबा असायचा. त्यात त्याला कुणाच्या तरी दाराची कडी वाजवून उभं राहिल्यासारखं वाटायचं. आत कुणीतरी हातातलं काम ठेवून उठतंय, 'आले, आले' म्हणतंय. मग पत्ता उमटायचा.

लातूरच्या क्लासमधून दरवर्षी ढीगभर मार्क घेऊन पोरं यायची. भूकंपाला दहा-अकरा वर्षं झाली, त्या साली पुनम आली. पहिल्याच प्रॅक्टिकलला ती मशीनवरचं नाव वाचून उठली आणि व्यंकटच्या टेबलाशी उभी राहिली.

"सर, हे बसलिंगप्पा कोण?"

"आमच्या गल्लीतले दुकानदार. गूळ घ्यायला गेलं की आधी पोराच्या हातावर खडा ठेवायचे."

"माझे आजोबा होते ते."

व्यंकट खुर्चीतून उठला. "तू त्यांच्या मल्लिकार्जुनची का गं?"

"हाव. सहा वर्षांची होते मी. पप्पांनी मला ढिगाऱ्यातून काढलं अन् लातूरला आणलं. आता क्लासच्या पोरांसाठी मेस चालवतात. गावाचं काहीच बोलत न्हाईत."

सगळे गेल्यावर त्यानं स्टूल ओढून दिलं. ती एकेक नाव विचारू लागली आणि तो सांगू लागला. किशनरावांचा रेडिओ साऱ्या गल्लीला ऐकू जायचा. तय्यब पोरांच्या चड्डीला सांगितल्यापेक्षा खोल खिसे लावायचा, बोरं मावायला. पुनमचा आवाज हळू होत गेला, दुपारच्या वेळी झोपलेल्या गल्लीतून चालावं तसा. मग त्याला न विचारताच तिनं एक नाव लिहिलं. शिवकांता.

असं नाव नाही, असं सर्व्हरनं सांगितलं.

"हे कोण?" व्यंकटनं विचारलं.

"माझी आई."

त्याला ती आठवली. नळावर दुसऱ्यांच्या घागरी आधी भरू देणारी, हिरव्या लुगड्यातली. "वहिनी म्हणायचो आम्ही," तो म्हणाला. "नाव कधी विचारलंच न्हाई गं." मनातल्या मनात तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. बायांमध्ये त्याला आईचं तेवढं नाव ठाऊक होतं. बाकी कुणी कुणाची बायको होती, कुणी कुणाची आई.

पुनम रागावली नाही. "मंग आता टाका की, सर."

कोपऱ्यात नवं मशीन बिनानावाचं पडून होतं. व्यंकटनं नावांची फाइल उघडली, एक ओळ वाढवली, सर्व्हर पुन्हा चालू केला. "विचार."

तिनं विचारलं. तोच एवढासा थांबा. मग उत्तर आलं. ती त्या आकड्यांकडं बघत बसली, आणि तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा एकदा.

"कशी होती ती, सर?"

"बीदरकडची होती. मला बघितलं की विचारायची, 'ऊटा आयता?' जेवलास का म्हणून. सगळ्यांनाच विचारायची."

पुनम दचकली. "पप्पा मेसमध्ये पोरांना रोज हेच विचारतात, सर. मला वाटायचं, गंमत करून राहिले."

दिवाळीच्या सुट्टीत व्यंकट नव्या गावात गेला आणि गेलेल्या बायांची नावं मशीनना द्यायला म्हणून घरोघर विचारत फिरला. म्हातारे डोकं खाजवायचे. बाया चटकन सांगायच्या, हसायच्या, मग डोळ्याला पदर लावायच्या. "तिचं? कस्तुरा. तिच्या नवऱ्यालाबी ठावं नसंल!"

संध्याकाळी तो चुलतीच्या ओट्यावर टेकला. लहानपणापासून तिला तो काकूच म्हणत आला होता.

"काकू, तुझं नाव काय गं?"

चुलतीनं तोंडाला पदर लावला. "आता विचारून राहिलास व्हय, माझे केस पिकल्यावर?" मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मंदोदरी. पर मी जिती हाय अजून, मला तुझ्या मशीनीत घालू नगंस. च्या घे आदी."

त्यानं कपबशी हातात घेतली. समोर सारख्या घरांच्या रांगेत एकेक दिवा लागत होता.