रोज संध्याकाळची चूक

"सर, काच फुटली."

सर उजव्या हाताचं बोट वर करायचे, क्षणभर तसेच थांबायचे आणि म्हणायचे, "फुटली नाही. फोडली. कर्ता कोण?"

वर्गात कर्ता बहुतेक वेळा सापडायचा, कारण सगळी पोरं एकाच दिशेला बघायची. शिक्षकांच्या खोलीत मात्र पंचाईत व्हायची. "चहा संपला" असं कुणी म्हटलं तरी सरांचं बोट वर. "संपला की संपवला? कर्ता कोण?" आणि कर्ता बऱ्याचदा तेच असायचे. आम्ही हसलो की तेही हसायचे, पण बोट खाली यायला जरा वेळ लागायचा. तुमच्याही शाळेत मराठी व्याकरणाचे असे एखादे सर असतीलच. नसले तर तुमचं बालपण फार सुखात गेलं.

सर मूळचे औशाकडचे. नोकरीसाठी देगलूरला आले आणि इथलेच झाले. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे, आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. म्हणजे दिवसभर शाळेत सर आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून सर. देगलूरात मराठी व्याकरण शिकवणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इकडे हाकेवर तेलंगण, तिकडे कर्नाटक. एका बाकावरचा मुलगा घरी तेलुगू बोलतो, त्याच्या शेजारचा दखनी उर्दू, मागचा कन्नड. त्यांना सगळ्यांना 'तो, ती, ते' शिकवायचं. सर म्हणायचे, "बाई, तुमच्या नद्या आपापल्या वाटेनं जातात. माझी पोरं 'ती दगड' म्हणतात."

"सर, अभ्यास करून राहिलो," असं एखादा म्हणाला की सर म्हणायचे, "करून राहिलास तर झोपून कधी राहणार? करतोय म्हण, करतोय." पण एकदा स्नेहसंमेलनाच्या वेळी मांडवाचा खांब पोरांनी सरांच्याच अंगावर आणला, तेव्हा ते ओरडले, "अरे, काय करून राहिले रे तुम्ही!" सगळी शाळा हसून आडवी झाली. त्यानंतर आठवडाभर सरांनी त्या शब्दाला हात लावला नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बोधनकडच्या. माहेर पूर्ण तेलुगू. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. मराठी त्या गल्लीत शिकल्या, पाणी भरताना आणि पापड लाटताना. बोलायच्या भरभर, पण लिंगाचा पत्ता नसायचा. "तो भाकर गरम हाय, खाऊन घ्या," असं म्हणायच्या, आणि सर ताटावरून बोट वर करायचे. "ती. ती भाकर." वहिनी म्हणायच्या, "तो म्हणा न्हाईतर ती म्हणा, पोट भरतंय न्हवं?" मला भिंतीपलीकडून हसू आवरायचं नाही.

पण एका बाबतीत सर हट्टी होते. मुलगी झाली तेव्हा त्यांनी ठरवलं, घरात एकच भाषा. दोन भाषांच्या ओढाताणीत पोरीचं व्याकरण बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी वाद घातला नाही. भावांचा फोन आला की त्या उठून माझ्या दारच्या ओट्यावर यायच्या आणि तिथे बसून मनसोक्त तेलुगू बोलायच्या. फोन संपला की पदराने चेहरा पुसून परत मराठीत शिरायच्या. मला त्या अक्का म्हणायच्या, मी त्यांच्याहून लहान असूनही. मी इथलीच असल्याने बाजारापुरती तेलुगू मला कळते. त्या फोनवर काय बोलायच्या तेही कळायचं, पण ते इथे सांगण्यासारखं नाही. सरांबद्दलच असायचं बहुतेक.

सर निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन लातूरला गेली, आणि एके दिवशी सकाळी गॅस पेटवता पेटवता वहिनी ओट्यापाशीच खाली बसल्या. लकव्याचा झटका. सरांनी नांदेडला नेलं. जीव वाचला, पाय हळूहळू सावरला, उजवा हात अर्धवट राहिला. आणि मराठी गेली. सगळीच्या सगळी गेली. उरली ती थोडीशी तेलुगू, लहानपणीची, तीही तुटक.

डॉक्टरांनी सरांना समजावून सांगितलं की असं कधी कधी होतं, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. येईल परत, नाहीतर नाहीही येणार. "पण यांना बोलतं ठेवा," ते म्हणाले. "गप्प बसू देऊ नका. गप्प बसल्या तर आहे तेही जाईल."

घरी आणल्यावर मी भेटायला गेले. सर घरातली एकेक वस्तू आणून वहिनींसमोर धरत होते. बिस्कीट, केळं, चादर, पंख्याचं बटण दाखवून झालं. वहिनी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सर, पाणी मागतायत," मी म्हटलं.

सरांनी पाणी पाजलं. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली होती, औशाचा माणूस बोलत होता. "लई वाईट झालं बाई. तिची भाषा घरात मीच येऊ दिली न्हाई. आता ती बोलाय लागली तर घरात समजणारं कुणीच न्हाई." पोरीला फोन लावून दिला, तर पोरगी तिकडे रडायची आणि आई इकडे गप्प. दोघींच्या मध्ये एक शब्द उरला नव्हता. मला त्या दिवशी सरांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघून तो टिकलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर तेलुगू शिकायला लागले.

गुरू मिळाले हमीदभाई. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, पलीकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी तेलुगू. सर मशीनजवळच्या स्टुलावर बसायचे आणि हमीदभाई बाही उसवता उसवता वाक्यं सांगायचे. आता शिंप्याच्या दुकानात जी वाक्यं बोलली जातात, तीच सरांना आधी आली. पहिलं वाक्य घोकत घोकत सर घरी गेले, खाटेपाशी उभे राहिले आणि कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखे ताठ होऊन म्हणाले, "जाकेट एप्पुडु कावाली?"

ब्लाऊज कधी पाहिजे?

वहिनींनी आधी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग त्यांचं तोंड एका बाजूने वाकडं झालं. सर घाबरले, त्यांना वाटलं पुन्हा झटका आला. पण त्या हसत होत्या. आजारपणानंतर पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं, ते सरांना कळलं नाही, म्हणून भिंतीवरून मला हाक आली. मी ऐकून सांगितलं, "सर, त्या म्हणतायत, परवापर्यंत द्या, आणि बाही सैल ठेवा."

त्यानंतर सरांनी जुना धंदा काढला. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर खडूने तेलुगू क्रियापदं लिहायला लागले. एका बाजूला वरण शिजतंय, दुसऱ्या बाजूला मी येतो, तू येतोस, तो येतो. कामवाली बाई रोज पुसायची आणि सर रोज लिहायचे. तेलुगूशी भांडायचेही. "बाई आली आणि बैल आला, दोन्हीला एकच क्रियापद! ही काय रीत झाली?" हमीदभाई दोरा ओवता ओवता म्हणाले, "सर, जबान तो पुरानीच हय. नवे तुम हय." सर स्टुलावरून उठले. घरी येऊन मला म्हणाले, "बाई, आता कळलं, ती भाकरीला तो का म्हणायची. तिच्या भाषेत वस्तूंना तो आणि ती असा भेदच नाही. मी मात्र तिला जन्मभर निष्काळजी समजलो."

एकदा भर दुपारी कडी वाजली. दार उघडलं तर सर घामाघूम, डोळ्यांत चमक. "बाई, त्यांच्यातही आपण आणि आम्ही वेगळं आहे! हिंदीत नाही, सगळ्याला हमच. पण तेलुगूत आहे, आपल्यासारखंच!" एवढं सांगून परत गेले. मी अर्धवट झोपेत होते, पण भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. सर वहिनींना म्हणत होते, "मनम चाय तागुदामा?" आपण चहा पिऊ या का. वहिनी "ऊं" म्हणाल्या.

असं करत करत सरांना पुष्कळ तेलुगू आली. निदान यायला पाहिजे होती. पण एक चूक काही सुटेना. संध्याकाळी ते बसस्टँडपर्यंत फिरून, दूध घेऊन यायचे. उंबऱ्यापाशी थांबायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "नेनु वच्चिंदि!"

'नेनु' म्हणजे मी. पण 'वच्चिंदि' म्हणजे आली. बाई आली, बस आली, म्हैस आली, तिथे चालतं. स्वतःबद्दल सांगायचं तर 'वच्चिन' म्हणायचं. पहिलीतलं पोर चुकणार नाही, आणि आमचे सर रोज दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं चुकत होते.

आतून ताबडतोब वहिनींचा आवाज यायचा. "वच्चिंदि कादु! वच्चिन!"

"हां, वच्चिन," असं म्हणत सर आत जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवातीला वहिनींचं तेवढंच असायचं. मग हळूहळू मागे शेपूट लागायला लागलं. एवढे शिकलेले मास्तर आणि एवढं येत नाही. तुमच्या पोरांना असंच शिकवलं का. माझ्या भावाच्या नातवाला विचारा, तो सांगेल. सगळं तेलुगूत, थांबत थांबत, पण पूर्ण वाक्यं. गल्लीतल्या बायका त्या वेळेला मुद्दाम दारात यायच्या. वहिनी उशीला टेकून बसलेल्या, डावा हात हवेत, आणि सर दुधाची पिशवी धरून मान खाली घालून उभे.

मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, इतकं साधं आहे. ओट्यावर तर बरोबर लिहिता."

"वय झालं, बाई," सर म्हणाले. "लिहिलेलं जिभेवर येत नाही."

मला ते पटलं. एवढा व्याकरणाचा माणूस, पण परक्या भाषेपुढे थकला, असं वाटून मी विषय सोडला.

वहिनी गेल्या त्या या उन्हाळ्यात. दुसरा झटका आला आणि नांदेडला नेईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही. आदल्या संध्याकाळी दारातली शिकवणी नेहमीसारखीच झाली होती, ती मी ऐकली होती.

बोधनहून त्यांचे भाऊ आले आणि तेराव्यापर्यंत राहिले. निघायच्या दिवशी सकाळी मी चहाची किटली घेऊन गेले, तर सर अंगणात थोरल्या मेहुण्याजवळ बसून बोलत होते. शेवटच्या दिवसाचं सगळं सांगत होते. ती किती वाजता उठली, काय खाल्लं, कशावर रागावली, मी बाहेरून आलो तेव्हा काय म्हणाली. तेलुगूत, आणि कुठेही न अडखळता. एक क्रियापद चुकत नव्हतं. आली तिथे आली, आलो तिथे आलो. मेहुणे मान डोलावत ऐकत होते, मध्येच डोळे पुसत होते, आणि मी किटली हातात धरून तशीच उभी राहिले.

ते उठून गेल्यावर मी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला तर येते."

"येते."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," सर म्हणाले. चहाचा कप त्यांनी हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "बाई, मी बरोबर बोललो की ती ऊं म्हणायची आणि गप्प बसायची. चुकलो की उठून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा. गोष्टी सांगून बघितल्या, देवाची गाणी लावून बघितली. पण दुसऱ्याची चूक दिसल्यावर माणूस गप्प बसूच शकत नाही. हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

संध्याकाळी सर मेहुण्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. मुलगी घरातच होती; दुसऱ्या दिवशी ती सरांना लातूरला घेऊन जाणार होती, सामान बांधून झालं होतं. मी माझ्या दारच्या ओट्यावर बसले होते. दिवेलागणीला सर परत आले. हातात दुधाची पिशवी. उंबऱ्यापाशी थांबले आणि रोजच्यासारखं मोठ्यांदा म्हणाले, "नेनु वच्चिंदि!"

"आलात का, बाबा?" आतून मुलगी म्हणाली. "हातपाय धुवा, चहा टाकते."

सर दारातच उभे होते. मग अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात, "वच्चिन," असं म्हणाले आणि चपला काढून आत गेले.