नवसाचे केस

माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला जन्मल्यापासून कात्री लागली नव्हती. त्याच्या आधीचे दोन मुलगे गेले, म्हणून आईने एलियाहू हन्नाबीला, अग्निरथातून स्वर्गात गेलेल्या आमच्या नबीला, नवस बोलला होता. हा जगू दे, पाच वर्षांचा झाला की कोकणात तुझ्या रथाच्या खुणा आहेत त्या खडकापाशी नेऊन याचं जावळ काढीन! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, मूळचे तिकडचेच. पण बापाला अमरावतीने वेड लावलं होतं. अमेरिकेत लढाई पेटली नि इथे कापसाला सोन्याचा भाव आला. बाप सुतार, कापसाच्या गासड्या दाबायची लाकडी यंत्रं बांधायचा. सगळ्या पेठेत शनिवारी चूल न पेटवणारं घर आमचं एकटंच.

पोराला सहावं लागलं, केस कमरेपर्यंत आले. आई म्हणे, "निघू या ना आता." बाप म्हणे, "एवढा हंगाम जाऊ दे." मेला तो हंगाम! एक सरला की हा पुढच्याचं काम अंगावर घेऊन मोकळा.

उन्हाळ्यात त्या केसांखाली गळवं उठली. भाऊ माझ्या मांडीवर पालथा पडून राही. शेजारची माळीण भाजीची पाटी उतरवून आईवर खेकसली, "अवं बाई, पोराचं डोकं सडून राहिलं! केस कावून काढत नाई? लेप कुठं लावशीन?"

"इथे काढले तर नबी पोर परत नेईल," आई म्हणाली. माळणीने कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र आईचंच खरं वाटलं.

ताप चढला तेव्हा कुठे बाप घाबरला. त्याने गाडी ठरवली, पण पोर उठून बसेना. शेवटी आईनेच कात्री मागितली. केसांच्या जटा झाल्या होत्या, बट निघाली की खाली पू दिसे. तो ओरडलासुद्धा नाही, त्याचीच मला धास्ती वाटली.

"आता मला कोकणात नेणार नाही का गं?" त्याने विचारलं.

"नेणार रे राजा," आई म्हणाली.

माळणीने कडुनिंबाचा पाला वाटून आणला. तो लेप सुकायच्या आत भाऊ गेला.

आमच्या लोकांची दफनाची जागा तिथे कुठली असायला? गावाबाहेर बापाने स्वतः खड्डा खणला.

सुतक सरलं त्या सकाळी बापाने काम सोडलं, गाडी दाराशी आणली आणि आईपुढे हात केला. "केस दे. नवस तरी फेडून येतो."

आईने फडक्यातलं ते पुडकं पोटाशी धरलं. "केस न्यायला सवड झाली होय? पोर न्यायचं होतं तुम्ही."

बाप उंबऱ्यातच खाली बसला आणि रडू लागला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.